साडेबारा टक्क्यांची संमती

शाळा, बाजार आणि दवाखाना पायी गाठता यावा, प्रवास स्वस्त असावा आणि श्रमिकाला परवडेल असे घर मिळावे, ही लोकाभिमुख शहराची रूढ कल्पना आहे. समाजवादी विचार मात्र त्याआधी जमिनीच्या वाढत्या मोलाचा प्रश्न उपस्थित करतो. रस्ता, रेल्वे आणि नळ आले की लगतच्या शेताची किंमत चढते, आणि ही वाढ सर्वांच्या श्रमातून व करातून आलेली असल्याने तिच्यावर समाजाचा हक्क असावा, असे तो मानतो.

नवी मुंबईच्या रचनेत या विचाराचा अंश होता. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने ठाणे आणि तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादून, विकसित भूखंडांच्या विक्रीतून शहर उभारायचे होते. रेल्वेस्थानकांभोवती वसाहती आणि अल्प उत्पन्न गटासाठी घरे ही योजना मुळात उदात्तच होती; परंतु ज्यांची भातशेती आणि मिठागरे त्यात जाणार होती, त्या आगरी, कोळी व इतर भूमिपुत्रांना आराखडा आखताना कोणी विचारले नाही, आणि ज्या समाजाच्या नावाने जमीन घेतली गेली त्यातून तेच वगळले गेले.

मार्क्सवादी विचार मानणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाने या प्रश्नावर लढा उभारला, ही बाब लक्षणीय आहे, कारण जमिनीवरील सार्वजनिक मालकी त्या पक्षाला तत्त्वतः परकी नव्हती. या पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्र विकसित भूखंडाच्या रूपाने परत देण्याची योजना आली, आणि शहराच्या वाढत्या मोलात शेतकरी प्रथमच वाटेकरी झाला. सार्वजनिक सुविधांसाठीची कपात जाता प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच हाती येत असले, तरी लोकांचा पाठिंबा कशाने मिळतो हे या तडजोडीतून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही सुबक नकाशातून झाले नव्हते.

याच रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात मात्र महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी 21 सप्टेंबर 2008 रोजी 22 गावांतील शेतकऱ्यांचा कौल मतदानाने घेतला गेला आणि तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. तेथे जमीन देण्यापूर्वी लोकांना विचारले गेले, ही मोठी गोष्ट होती. तरी प्रश्न होय किंवा नाही एवढाच होता, बाजार, बांध आणि वाट कोठे असावी हा नव्हता.