कबुली आणि दाखला

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबरला, शनिवारी लागला. हातकणंगले मतदारसंघात काँग्रेसचे राजू आवळे पराभूत झाले आणि जनसुराज्य शक्ती पक्षाचे अशोकराव माने निवडून आले. दुसऱ्या दिवशी रविवार. रस्त्यावरचा गुलाल अजून झाडलेला नव्हता आणि आमची मंडळी नेहमीच्या वेळी उपासनेला जमली. जुन्या वळणाच्या मंडळ्यांत उपदेशाआधी एक लांब प्रार्थना असते. तिच्यात आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेली मुले यांच्याबरोबर राज्यकर्त्यांचीही नावे येतात. त्या रविवारी नव्या आमदारांचे नाव आले. ज्यांनी त्यांना मत दिले होते त्यांनी ‘आमेन’ म्हटले, ज्यांनी दिले नव्हते त्यांनीही म्हटले. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. राजा आपल्या पसंतीचा असावा अशी अट तिथे नाही.

याच महिन्यात अमेरिकेतही निवडणूक झाली होती. तिथल्या मतदानोत्तर पाहण्यांनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांपैकी दर दहांतल्या सुमारे आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. तिथल्या प्रवचनकारांच्या चित्रफिती आमच्या तरुणांच्या मोबाइलवर रोज येतात. त्यामुळे आमच्याकडेही विचारले जाऊ लागले की शास्त्राला धरून चालणाऱ्या ख्रिस्ती माणसाने कोणत्या पक्षाला मत द्यावे? प्रश्न आयात केलेला आहे. जिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत तिथे राज्याचे कायदे आपल्या श्रद्धेप्रमाणे असावेत अशी इच्छा धरता येते. ती योग्य की अयोग्य हे त्यांचे त्यांनी पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाहीत. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहण्याविषयी लिहिणारा पौलही अशाच एका मूठभर समाजाला लिहीत होता. गादीवर नीरो होता आणि त्याला कोणी मते देऊन बसवलेले नव्हते. आमची जागा अमेरिकेपेक्षा त्या रोमी मंडळीच्या जवळची आहे.

मूठभर असलो तरी आम्ही मोजले जात नाही असे मात्र नाही. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत हातकणंगल्यातून धैर्यशील माने आणि सत्यजित पाटील सरूडकर यांच्यात अवघ्या तेरा हजारांच्या आसपास मतांचा फरक पडला. अशा लढतीत शे-दोनशे मतांची वस्तीही उमेदवाराच्या वहीत असते. मग सभागृहाला पत्रे, कंपाउंडला कुंपण अशी आश्वासने मिळतात. पत्रे घ्यायला हरकत नाही. पण उपदेशाच्या व्यासपीठावरून कोणाचे चिन्ह सांगितले जाऊ नये, ही आमच्या वडीलधाऱ्यांची शिस्त मला अजून बरोबर वाटते. तीत एक जुनी गोष्टही आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आले. १८७० मध्ये ते मिशन प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले. त्या परंपरेत मंडळीचा कारभार बिशपाकडे नसतो, सभासदांनी निवडलेल्या वडिलांकडे असतो. कोल्हापूर संस्थानात प्रौढ मतदान नव्हते, तेव्हाही कोडोलीसारख्या गावातला ख्रिस्ती शेतमजूर मंडळीचे वडील निवडत होता. निवडणूक आम्हाला देवळातच आधी भेटली, आणि निवडून आलेला माणूस देव नसतो हेही तिथेच कळले.

आमचा खरा प्रश्न कोणाला मत द्यावे हा नाही. कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेच्या दहा जागा आहेत आणि त्यांतली एकच अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, ती हातकणंगल्याची. या भागातल्या ख्रिस्ती घराण्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज महार किंवा मांग समाजातले. त्या घरातला मुलगा या जागेसाठी मतदान करू शकतो, उमेदवाराची गाडी चालवू शकतो, सभेत भाषण करू शकतो. उमेदवारी अर्ज भरू शकत नाही. त्याचा चुलतभाऊ, ज्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला नाही, तो भरू शकतो. दोघांची घरे एकाच गल्लीत असतात.

हे कसे झाले ते सांगताना तीन तारखा जवळजवळ ठेवाव्या लागतात. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात संविधान सभेच्या सल्लागार समितीत धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव आला. तो मांडणारे हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष. १९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी तीन भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी ठेवल्या होत्या, आणि १९४७ च्या मसुद्यातही मुंबईत ख्रिस्ती समाजाला राखीव जागा होत्या. त्या आमच्याच पुढाऱ्यांनी सोडल्या. धर्माच्या नावाने वेगळी जागा नको, देशबांधवांच्या सदिच्छेवर विसंबू, असा त्यांचा विचार होता. जुन्या वळणाच्या ख्रिस्ती माणसाला हा निर्णय आजही अभिमानाचा वाटतो, मलाही वाटतो. आणि मग १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीतून वगळले. अपवाद होता तो पंजाबकडच्या काही शीख जातींचा. धर्मावर आधारलेली जागा आम्ही सोडली आणि पंधरा महिन्यांत जातीवर आधारलेल्या जागेला धर्माची अट लागली. ती सर्वस्वी नवी होती असेही नाही. इंग्रजांच्या १९३६ च्या आदेशातही भारतीय ख्रिस्ती माणसाला वगळलेलेच होते.

पुढे १९५६ मध्ये सर्व शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना या आदेशात घेतले गेले. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासूनच दिल्या होत्या, पण राखीव मतदारसंघाचे दार केंद्राच्या आदेशावर अवलंबून होते. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. अनुसूचित जातीतून आलेल्या ख्रिस्ती माणसाची गणना राज्यात इतर मागासवर्गात होते. विधानसभेला आणि लोकसभेला त्या वर्गासाठी राखीव जागा नाहीत.

आदेशाच्या इंग्रजी मजकुरात ‘प्रोफेस’ असे क्रियापद आहे. त्यावर न्यायालयांत जितका खल झाला तितका आमच्या धर्मशास्त्राच्या वर्गांतही झाला नसेल. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ते महानुभाव पंथात गेले होते, म्हणून अर्ज नाकारला गेला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पंथ घेतला तरी ते महारच राहिले, कारण ते स्वतःही तसे मानत होते आणि जातीनेही त्यांना दूर केले नव्हते. दुसरा खटला डॉ. द. पां. मेश्राम यांचा. १९६२ मध्ये ते विदर्भातल्या राखीव जागेवरून विधानसभेत गेले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता हे सिद्ध झाले आणि त्यांची निवड रद्द झाली. या निकालात न्यायालयाने त्या क्रियापदाचा अर्थ सांगितला: धर्म ‘प्रोफेस’ करणे म्हणजे ज्यांना कळायला हवे त्यांना कळेल अशा रीतीने तो उघडपणे जाहीर करणे.

हा अर्थ वाचून मी थबकलो. आमच्या मंडळीत मुलगा किंवा मुलगी जाणत्या वयाची झाली की सर्वांसमोर उभे करून विचारतात, ‘तू आपल्या विश्वासाची कबुली देतोस का?’ मनात काय आहे ते पुरत नाही, चारचौघांत सांगावे लागते. जुन्या वळणाचा ख्रिस्ती म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी पोशाख, दारूबंदी, रविवारचा विसावा यांच्या आधी ही कबुली सांगेन. न्यायालयही नेमके हेच विचारते. फरक इतकाच की देवळात ‘होय’ म्हटले की प्रभुभोजनाच्या पंगतीत जागा मिळते आणि कचेरीत ‘होय’ म्हटले की जातीचा दाखला जातो.

कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या मतदारसंघातला खटला याहून विलक्षण आहे. एस. राजगोपाल १९६७ मध्ये राखीव जागेवरून निवडून आले. ते १९४९ मध्ये ख्रिस्ती झाले होते हे प्रतिस्पर्धी आरुमुगम यांनी दाखवून दिले आणि निवड रद्द झाली. १९७२ मध्ये राजगोपाल पुन्हा निवडून आले, आरुमुगम पुन्हा न्यायालयात गेले. या वेळी १९७५ मध्ये न्यायालयाने म्हटले की ते हिंदू धर्मात परतले आहेत आणि जातीने त्यांना पुन्हा सामावून घेतले आहे, म्हणून निवड वैध. म्हणजे बाप्तिस्म्याने जात गेली, असे एकदा ठरले आणि ती वाट पाहत थांबली होती, असे नंतर ठरले. जात धुतली जात नाही, हे कायद्याने आमच्यापेक्षा आधी ओळखले असावे. आमच्या मंडळ्यांत सोयरिकी ठरताना कोणाचे मूळ घराणे कोणते याची कुजबुज होतेच. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या सूसै यांच्या खटल्यात १९८५ मध्ये न्यायालयाने पुरावा मागितला, की ख्रिस्ती झाल्यावरही अस्पृश्यतेचे हाल तितक्याच तीव्रतेने चालू राहतात हे दाखवा. तो पुरावा द्यायचा म्हणजे आपल्याच देवळाविरुद्ध साक्ष द्यायची. आम्ही ती आजवर मोकळेपणाने दिलेली नाही.

हातकणंगले तालुक्यातल्याच माणगावात मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली होती. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे तरुण आंबेडकरांना त्यांचा पुढारी म्हणून गौरवले. पुढे बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिले तेव्हा या समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध एकजुटीने लढा दिला नाही, असा ठपका ठेवला. तो कडू आहे आणि बराचसा खरा आहे. आम्ही शाळा काढल्या, मिरजेसारखी रुग्णालये चालवली, राजासाठी प्रार्थना केल्या आणि राजाला प्रश्न विचारायचा राहून गेला. अधीन राहा, हा अध्याय आम्ही पाठ केला. राजासमोर उभे राहून बोलणाऱ्या नाथान संदेष्ट्याची गोष्ट मुलांच्या वर्गात ठेवली.

निकालाच्या त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेची अनुसूचित जातीच्या दाखल्याची मागणी फेटाळली. तिचा लहानपणीच बाप्तिस्मा झालेला होता. केवळ आरक्षणासाठी श्रद्धेविना धर्म बदलणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे न्यायालयाने म्हटले. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की हिंदू, बौद्ध आणि शीख यांखेरीज अन्य धर्म पाळणाऱ्यांनी घेतलेले अनुसूचित जातीचे दाखले रद्द होतील, आणि अशा दाखल्यावर निवडणूक जिंकली असेल तर ती निवडही रद्द होईल. त्या चर्चेत ‘क्रिप्टो ख्रिश्चन’ हा शब्द वापरला गेला. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ आणि रविवारी देवळात, अशी माणसे आमच्याकडे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्यांच्याविषयी काय म्हणावे? आमच्यातले कडवे म्हणतात, त्यांनी पेत्रासारखा नकार दिला. मी इतक्या सहज म्हणणार नाही. ज्यांच्या आजोबांना मिशनच्या शाळेत नोकरी मिळाली, बंगल्याच्या आवारात खोली मिळाली, त्यांनी गावकुसाबाहेरच्या रोजंदारी करणाऱ्याला कबुलीचा धडा देणे सोपे आहे. त्याच्या मुलीचे वसतिगृह त्या एका दाखल्यावर उभे असते. पण उमेदवारी अर्जाबरोबरचे शपथपत्र ही वेगळी गोष्ट आहे. तिथे माणूस शपथ घेतो, आणि खोटी शपथ आमच्या दहा आज्ञांत बसत नाही. राखीव जागेसाठी धर्म लपवणाऱ्या ख्रिस्ती उमेदवाराला माझे मत मिळणार नाही, तो आमच्या मंडळीतला असला तरी.

कायद्याविषयीही तितकेच स्पष्ट बोलले पाहिजे. खरे बोलणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला लाभ, अशी रचना ज्या नियमातून होते तो नियम श्रद्धेच्या प्रामाणिकपणाचा रक्षक असू शकत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. त्याची मुदत वाढत राहिली आहे. आमच्या महार-मांग बांधवांची भीतीही समजून घ्यायला हवी. आधीच तोकड्या वाट्यात नवे भागीदार, तेही मिशनच्या शाळांत शिकलेले, कोणाला हवे असतील? ही शंका खोटी नाही. त्यांच्या वाट्याला धक्का न लावता टक्का वाढवण्याची मागणी आम्ही त्यांच्याबरोबर बसून केली पाहिजे, आणि त्याआधी आमच्या मंडळ्यांत जात कशी टिकली आहे ते त्यांच्यासमोर कबूल केले पाहिजे. न्यायालयाने मागितलेली साक्ष तीच आहे.

पुढची जनगणना जातीसह होणार आहे. ओळखीच्या एका घरात मुलगा अकरावीत आहे, आजी मंडळीची जुनी सभासद. प्रगणक आला की धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, यावर त्यांच्यात आत्ताच बोलणे चालू आहे. आजी म्हणते, मी माझे सांगेन, तुझे तू सांग. मुलाने अजून ठरवलेले नाही. दर रविवारी दोघे एकाच बाकावर बसतात.