विजेच्या साहाय्याने पाऊल उचलताना

अर्धांगवायूनंतर अनेक रुग्णांना चालताना पाऊल उचलता येत नाही. बोटे जमिनीला घासतात व तोल जातो. अशा रुग्णांच्या घरी विजेचे यंत्र घ्यावे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

मेंदूचा आदेश मज्जातंतूंमधून विद्युत संदेशाच्या रूपाने स्नायूंपर्यंत पोहोचतो. अर्धांगवायूत इजा मेंदूला होते. पायाचा मज्जातंतू बहुधा शाबूत असतो. १९६१ साली अमेरिकेतील डॉ. व्लादिमिर लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच उपयोग केला. टाच उचलताच गुडघ्याजवळील मज्जातंतूला सौम्य विद्युतप्रवाह मिळे व पाऊल वर येई.

परंतु पोलिओने किंवा कुष्ठरोगाने स्नायूकडे जाणारा मज्जातंतूच निकामी झाला असेल, तर ही पद्धत उपयोगी पडत नाही. तेथे आधारासाठी कॅलिपर किंवा स्नायुबंध बदलण्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो.

म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी मज्जातंतू कार्यरत आहे का, हे तपासून घ्यावे. आपल्या भागात कराड व सांगली येथे फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. पेसमेकर बसविलेल्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना हे यंत्र मुळीच वापरू नये.