किडनीची वाट पाहताना : रुग्ण, घर आणि विहार यांनी काय करावे?

घरातील कोणाचीच किडनी जुळली नाही, की रुग्णाचे नाव मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत जाते. नोंदणी मान्यताप्राप्त रुग्णालयातून होते. मराठवाड्याचा समन्वय छत्रपती संभाजीनगरचे विभागीय केंद्र पाहते. सेलूच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही वारंवार ऐकतो, "नाव लागलंय, आता फक्त वाट पाहायची." हा समज घातक आहे. फोन येईल त्या दिवशी अंगात संसर्ग असेल, तर ती किडनी यादीतील दुसऱ्या रुग्णाला जाते.

म्हणून डायलिसिसची एकही पाळी चुकवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. पाणी, चहा, ताक, वरण हे सगळे डॉक्टरांनी ठरवलेल्या मापातच मोजावे. लोणचे, पापड टाळावेत. नारळपाणी, केळी, संत्री यांत पोटॅशियम जास्त असते. ते वाढले तर हृदय बंद पडू शकते. भाजी चिरून, उकळून, पाणी टाकून द्यावे. डायलिसिस सुरू असताना प्रथिने मात्र लागतात. अंडी, मासे किती खावेत हे आहारतज्ज्ञांना विचारावे. तंबाखू, गुटखा बंद. किडलेल्या दातांवर आधीच उपचार करावेत, हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण करावी. फिस्टुला असलेल्या हातावर सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा लावू देऊ नये. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये.

काढलेली किडनी थंड ठेवूनही साधारण दिवस-दीड दिवसच टिकते. त्यामुळे फोन सतत सुरू, कागदपत्रे एका पिशवीत आणि रात्री-अपरात्री निघायला गाडी ठरलेली हवी. सेलूहून रेल्वे आहे, पण फोन गाडीची वेळ बघून येत नाही.

इथे विहाराची जबाबदारी सुरू होते. गाडीमालकांची यादी विहारात लावता येईल. खीरदानाच्या वेळी रुग्णाला आग्रह करू नये. खीर त्याच्या पाण्याच्या मापात धरली जाते आणि दुधातील फॉस्फरस त्याला चालत नाही. किडनी मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. 1994 च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

'अवयव दिले तर पुढच्या जन्मी अपंगत्व येते' ही भीती आत्मा आणि पुनर्जन्माच्या कल्पनेतून आलेली आहे. बाबासाहेबांच्या धम्मात तिला जागा नाही. दान हे आपल्या दहा पारमितांपैकी एक. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अवयवदानाचा संकल्प करूया आणि तो घरच्यांना सांगूया, कारण शेवटी संमती त्यांचीच घेतली जाते.