भार भिंतीवर, धूर बाहेर
अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये घर घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात तेलाचं बिल बघून डोळे पांढरे होतात. इथल्या बऱ्याच घरांच्या तळघरात तेलाची टाकी आणि बॉयलर असतो. म्हणून आम्ही बैठकीच्या खोलीत पेलेट स्टोव्ह बसवला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्यांवर तो चालतो. ४० पौंडांची, म्हणजे १८ किलोंची पिशवी पेटीत ओतली की आतला स्क्रू त्या कांड्या थोड्या थोड्या जाळावर टाकत राहतो. १९८०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्याने हा स्टोव्ह घरगुती वापरात आणला.

दुकानात सगळे स्टोव्हची काच आणि रंग बघतात. मी म्हणेन, आधी पाइपाचं बोला.

आपल्या बंबातला धूर गरम असतो म्हणून आपसूक वर जातो. पेलेट स्टोव्हमध्ये मात्र पंखा धुराला ढकलतो, त्यामुळे पाइपात दाब असतो. सांध्याला बारीक फट राहिली तरी धूर खोलीत येणार, आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. म्हणून पाइप याच कामासाठी प्रमाणित केलेलाच हवा. तो दुहेरी भिंतीचा असतो: आत स्टेनलेस स्टील, बाहेर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, मध्ये पोकळी. कपडे वाळवायच्या मशीनची नळी इथे कधीही लावू नये.

पाइप ३ इंची घ्यायचा की ४ इंची, याचा एक हिशेब आहे. प्रत्येक काटकोनी वळण ५ फुटांचं धरायचं, आडवा पाइप फुटाला फूट, उभा फुटाला अर्धा. बेरीज १५च्या पुढे गेली की सहसा ४ इंची. शेवटचा शब्द अर्थात स्टोव्हच्या माहितीपुस्तिकेचा.

आमचा पाइप स्टोव्हच्या पाठीमागून भिंतीपार जातो. बाहेर ‘टी’ आकाराचा जोड आहे, त्याचं खालचं झाकण काढून राख साफ करता येते. तिथून पाइप सरळ वर चढतो. भिंतीतून काढून तिथेच संपवला असता तर पैसे वाचले असते, पण इथे वादळात वीज जाते. पंखा बंद पडतो, जाळ मात्र धुमसत राहतो. उभा पाइप असला तर निदान धूर वर ओढला जातो. शिवाय तोंड साचलेल्या बर्फाच्या वर राहतं.

पण उभ्या पाइपाला वजन असतं आणि ते कुठे टेकतं, याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. ते स्टोव्हच्या तोंडावर कधीच येऊ देऊ नये. ‘टी’खालचा ब्रॅकेट भिंतीच्या आतल्या लाकडी खांबात स्क्रूने घट्ट बसवायचा. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या फळ्यांत मारलेला स्क्रू काहीही पेलत नाही. वर साधारण दर ४ फुटांवर पट्टा हवा. नाहीतर वाऱ्याने पाइप हलतो, सांधा सैल होतो आणि तो बंद करणारं सिलिकॉन फाटतं. लाकडापासून किती अंतर ठेवायचं ते पाइपाच्या कंपनीने दिलेलं असतं, कुठे १ इंच, कुठे ३. ती जागा मोकळीच ठेवायची. थंडी आत येईल म्हणून तिथे कापूस कोंबणं म्हणजे आगीला आमंत्रण.

जास्त उष्णता सोसणारं सिलिकॉन सांध्याभोवती अखंड फिरवावं लागतं आणि पूर्ण वाळू द्यावं लागतं. ते वाळल्यावर मी पंखा चालू करून प्रत्येक सांध्याजवळ अगरबत्ती धरली. धुराची रेघ सरळ वर गेली तर ठीक. एका ठिकाणी ती बाजूला उडाली. तो सांधा उघडून पुन्हा भरला. मग गावाच्या अग्निशमन दलाकडून तपासणी करून घेतली आणि विमा कंपनीला कळवलं.

पुण्या-नाशिकच्या वाचकांना हा स्टोव्ह लागणार नाही. पण बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. तो गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या. आणि इकडे स्टोव्ह घेणाऱ्यांनी पहिला जाळ पेटवण्याआधी झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.