संकर-४ कापसाचे जनक : डॉ. सी. टी. पटेल

कापसाच्या बाजारपेठेत सुरतेचे नाव एकेकाळी हलक्या मालाशी जोडले गेले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तेथील रुई इंग्लंडला मिळेनाशी झाली व लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानची आखूड धाग्याची रुई वापरणे भाग पडले. ही रुई 'सुरत' या नावाने ओळखली जाई. तेथील कामगार तिच्या नावाने बोटे मोडीत. त्याच सुरतेच्या कापूस संशोधन केंद्राने १९७० साली जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस, 'संकर-४', शेतकऱ्यांच्या हाती दिला. त्याचे श्रेय डॉ. चंद्रकांत पटेल (१९१७-१९९०) यांच्याकडे जाते.

दोन भिन्न वाणांच्या संकरातून निपजलेली पहिली पिढी अधिक जोमदार असते, हे कपाशीच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दिसून आले होते. अडचण होती ती बियाण्याची. मक्याचा तुरा शेंड्याला व कणीस खाली असल्याने तुरा खुडला की काम भागते. कपाशीच्या फुलात मात्र पुंकेसर व स्त्रीकेसर एकाच ठिकाणी असतात. हाताने फुले संकरित करणे मजुरीच्या दृष्टीने परवडणार नाही, असे मानून परदेशातील शास्त्रज्ञ नरवंध्य वाणांच्या शोधात राहिले. डॉ. पटेल यांनी हिशेब निराळा मांडला. कपाशीचे फूल हाताळण्याइतके मोठे असते, एका बोंडातून पंचवीस-तीस सरक्या मिळतात आणि संकरित वाणाची झाडे अंतरावर लावली तर हेक्टरी दोन-तीन किलो बियाणे पुरते. शिवाय आपल्याकडे कामाला हात होते.

'गुजरात-६७' हा मादी वाण व 'अमेरिकन नेक्टरीलेस' हा नर वाण त्यांनी निवडला. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीच्या पाकळ्या व पुंकेसरनलिका दुपारनंतर अंगठ्याच्या नखाने अलगद काढावयाची, कळी झाकून ठेवावयाची आणि सकाळी नर फुलातील पराग कुक्षीवर लावून खुणेचा दोरा बांधावयाचा, अशी ही रीत आहे. नख खोल गेले तर बोंड गळते. एखादा परागकोश राहून गेला तर स्वपरागीकरण होऊन बियाण्यात भेसळ होते. बियाण्याची शुद्धता अशा रीतीने सर्वस्वी मजुराच्या बोटांवर अवलंबून असते.

बागायतीत संकर-४ चे उत्पन्न सरळ वाणांच्या तुलनेत इतके सरस ठरले की, थोड्याच वर्षांत हा वाण गुजरातची सीमा ओलांडून महाराष्ट्रात आला. १९७२ मध्ये धारवाडहून 'वरलक्ष्मी' हा लांब धाग्याचा संकरित वाण निघाला. कोरडवाहू शेतीसाठी नांदेडच्या केंद्राने पुढे 'एनएचएच-४४' दिला व मराठवाडा-विदर्भात तो घरोघरी पोहोचला.

या प्रगतीची किंमतही नमूद केली पाहिजे. संकरित पिकाची सरकी पुढील वर्षी पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत व जोम घटतो. म्हणून दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. घरची सरकी राखणारा शेतकरी बियाण्यासाठी दुकानावर विसंबला. दीर्घ मुदतीच्या पिकावर किडींचा उपद्रव वाढला आणि फवारणीचा खर्चही. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर, गुजरातेत व आंध्रातही, लहान मुलांना व विशेषतः मुलींना राबविले गेले. स्वस्त मजुरीच्या ज्या हिशेबावर ही पद्धत उभी राहिली, त्याची ही काळी बाजू होय.

संकर-४ आता शेतात फारसा दिसत नाही. परंतु २००२ मध्ये बीटी कापूस आला तो संकरित वाणांतूनच, आणि त्यामुळे भारतातील बहुतांश कपाशी आजही संकरित बियाण्याची आहे; इतर प्रमुख कापूस उत्पादक देशांत मुख्यतः सरळ वाण घेतले जातात. दाट लागवडीस योग्य अशा सरळ वाणांकडे काही शास्त्रज्ञ पुन्हा वळले आहेत. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मात्र दुपार कलली की आजही कळ्यांचे पुंकेसर नखाने काढण्याचे काम सुरू होते.