तरण तलाव, घरगुती : पंप व पृष्ठशोषक

तलावातील धूळ, पाने व तेलकट मळ प्रथम पाण्याच्या पृष्ठभागावर साचतात. भिंतीत बसविलेला पृष्ठशोषक तरंगत्या झडपेवरून हा पातळ थर ओढून घेतो. पाण्याची पातळी त्याच्या तोंडाच्या मध्याजवळ असावी लागते. ती खाली गेल्यास पंपात हवा शिरते. नागपूरच्या सदर भागासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तापमान ४५° से.पर्यंत चढत असल्याने बाष्पीभवन जलद होते व पातळीवर रोज लक्ष ठेवावे लागते.

पंप अश्वशक्तीवरून नव्हे, तर आवश्यक प्रवाहावरून निवडतात. ८ मी. लांब, ४ मी. रुंद व सरासरी १·५ मी. खोल तलावात ४८ घ. मी. पाणी मावते. तेवढे पाणी ६ तासांत गाळण्यासाठी नळ व गाळणी यांचा रोध सोसून ताशी ८ घ. मी. प्रवाह मिळावा लागतो. पंपाची गती निम्मी केल्यास प्रवाह निम्मा होतो, पण शक्ती सुमारे अष्टमांशच लागते; मात्र प्रवाह फार मंदावल्यास पृष्ठशोषकाची ओढ कमी पडते. याउलट, अतिमोठ्या पंपामुळे गाळण नीट होत नाही. शिवाय तळाशी एकच निकास असल्यास शोषणामुळे मूल त्यावर अडकून प्राणघातक अपघात होऊ शकतो. म्हणून जाळीदार झाकणाचे दोन निकास परस्परांपासून दूर ठेवतात.