नकाशातले ठिपके (भाग 6) : वखारी गेल्या, वारा राहिला

गेल्या भागात आपण कॅरिबियन समुद्रातल्या सेबा बेटाच्या डोंगरावर होतो. हवा स्वच्छ असली की तिथून आग्नेयेला आणखी एक बेट दिसतं. एका टोकाला माथा छाटलेला शंकू, दुसऱ्या टोकाला बुटक्या टेकड्या आणि मध्ये सपाटी. नकाशावर त्याचं नाव सिंट युस्टेशियस, तिथल्या माणसांच्या तोंडी स्टेशिया. क्षेत्रफळ 21 चौरस किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या आसपास, गाव एकच : ओरान्येस्टाड. राज्य नेदरलँड्सचं, बोलणं इंग्रजीत, व्यवहार अमेरिकी डॉलरमध्ये. सेंट मार्टिनहून छोटं विमान वीसेक मिनिटांत इथे पोचवतं. रस्त्यात शेळ्या आडव्या येतात, आणि समोरून गाडी आली की अनोळखी चालकही हात वर करतो.

पांढऱ्या वाळूच्या लांबलचक किनाऱ्यांसाठी इथे कुणी येत नाही. इथलं वैभव म्हणजे क्विल, सुमारे 600 मीटर उंचीचा ज्वालामुखी. शेवटचा जागा झाला त्याला साधारण 1600 वर्षं झाली. डच भाषेतल्या ‘खड्डा’ या शब्दावरून त्याला हे नाव पडलं, आणि ते का, हे काठावर पोचल्यावरच कळतं. खालच्या उतारावर काटेरी झुडपं असतात, विवरात मात्र वारा शिरत नाही, ओल टिकून राहते. तिथे पांढऱ्या सावरीचे प्रचंड वृक्ष उभे आहेत, मुळं भिंतीसारखी उभारलेली, आणि त्या मुळांच्या बेचक्यांतून खेकडे तुरुतुरु पळत असतात.

वर्षभर पारा 25 ते 30 अंशांच्या आसपास असतो. पूर्वेकडून सतत वाहणारे व्यापारी वारे उकाडा जाणवू देत नाहीत. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, तो टाळलेला बरा. बारमाही नदी नाही, त्यामुळे छपरावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीतून टाक्यात साठवायची इथली जुनी रीत आहे.

पाण्याची अशी चणचण, जमीन थोडकी. तरीही या बेटाचा मालक बावीस वेळा बदलला असं सांगतात. कशासाठी? त्याचं कारण पश्चिम किनाऱ्यावर आहे. वाऱ्याच्या आडोशामुळे तिथला समुद्र शांत, जहाजांना नांगर टाकायला सोयीचा. डचांनी 1636 साली इथे बस्तान बसवलं आणि पुढे 1756 साली बंदर जकातमुक्त केलं. शेजारची इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश बेटं आपापल्या देशाबाहेर व्यापार करू देत नसत, म्हणून सगळ्यांचा चोरटा माल स्टेशियात हात बदलू लागला. बेटावर पिकत होती त्याच्या कितीतरी पट साखर इथून निर्यात होई. 1770च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला तीन हजारांहून अधिक जहाजं लागत. वेंगुर्ल्याची डच वखार ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी तशा शेकडो वखारी दीडेक किलोमीटरच्या किनाऱ्यावर खेटून उभ्या आहेत अशी कल्पना करावी. जॅनेट शॉ ही स्कॉटिश बाई 1775 साली इथे उतरली. शेजारशेजारच्या दुकानांत रेशमी कापड, खलाशांचे डगले, चांदीची भांडी आणि लोखंडी फावडी विकायला मांडलेली पाहून ती चकित झाली होती.

या बाजारात माणसंही विकली जात. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना इथे कोंडून ठेवत आणि मग इतर बेटांवर पाठवत. हा इतिहास कागदांपुरता नाही. 2021 साली विमानतळाजवळच्या उत्खननात गुलामांची दफनभूमी सापडली आणि सांगाडे बाहेर निघू लागले. बेटावरच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तेव्हा काम थांबवावं लागलं.

16 नोव्हेंबर 1776 रोजी बंडखोर अमेरिकेचं ‘अँड्र्यू डोरिया’ हे जहाज बंदरात आलं. त्याने सलामी दिली आणि गव्हर्नर योहानेस दे ग्राफ यांच्या हुकमावरून ओरान्ये किल्ल्याच्या तोफांनी अकरा बार काढून तिला उत्तर दिलं. अमेरिकी सैन्याला बंदुकीची दारू इथूनच जात होती, त्यात ही सलामी. इंग्रजांचा संताप झाला. फेब्रुवारी 1781मध्ये ॲडमिरल रॉडनीने बेट लुटलं. ज्यू व्यापाऱ्यांच्या कोटांची अस्तरंसुद्धा फाडून पैसे शोधले आणि त्यांतल्या अनेकांना हद्दपार केलं. शिवाय किल्ल्यावर डच झेंडा महिनाभर तसाच ठेवला, म्हणजे बेखबर जहाजं आपण होऊन जाळ्यात यावीत. ब्रिटिश संसदेत एडमंड बर्क यांनी या लुटीवर झोड उठवली.

तरी बेट मेलं नाही. 1790 साली वस्ती आठ हजारांवर, म्हणजे आजच्या दुपटीहून जास्त होती. पण स्वतंत्र अमेरिकेला आता आडवाटेच्या बंदराची तेवढी गरज उरली नव्हती. 1795मध्ये फ्रेंच आले, त्यांनी कर लादले आणि व्यापारी एकेक करून निघून गेले. पाठोपाठ समुद्राने वखारी गिळायला सुरुवात केली. ज्या वाऱ्यावर जहाजं येत, तो आजही तसाच वाहतो.

त्यामुळे स्टेशियाच्या शांततेला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणू नये. बाजार उठून गेल्यावर मैदानावर उरते, तशी ही शांतता आहे. इथे जाल तर क्विल सकाळी लवकर चढा आणि दुपार कलली की किनाऱ्यावरच्या पडक्या भिंतींमधून चाला. पायाशी पिवळ्या डच विटेचा तुकडा दिसेल. जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरून आणलेल्या विटा त्या. तो उचलून बॅगेत टाकू नका, तिथेच राहू द्या. या बेटाची लूट पुष्कळ झाली आहे.

पुढील भागात : राखेखाली राजधानी गाडली गेलेलं माँटसेराट.